सावंत नावाचा सभ्य माणूस

संशयी माणसांच्या घोळक्यात किस्से फार लवकर साठतात. बाकीच्यांच्या आयुष्यात एखादी गोष्ट घडते आणि संपते. आमच्याकडे ती आधी घडते, मग ती खरंच घडली का हे आम्ही तपासतो, आणि तपासताना जे होतं तो किस्सा! माझ्याकडे असे इतके झालेत की बायको म्हणते, लिहून काढ आणि मला सांगणं बंद कर.

घोळका म्हणजे आम्ही चौघं. दर रविवारी सकाळी दहा वाजता डोंबिवली पश्चिमेला, कोपर स्टेशनजवळ परब काकांच्या घरी जमतो आणि लिनक्सवर बोलतो. लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी सिस्टिम कुणा एका कंपनीची नाही. तिचा कोड उघडा असतो, कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्त करावा. जगभरच्या अनोळखी लोकांनी लिहिलेलं रोज वापरायचं म्हणजे मोठा विश्वास लागत असेल, असं लोक आम्हाला म्हणतात. काकांना विचाराल तर ते सांगतील, संशय लागतो.

परब काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलेलो तो दिवस मला नीट आठवतो. मेलवर ओळख झालेली, त्यांनीच बोलावलेलं. बेल वाजवली. आतलं दार उघडलं, बाहेरचं जाळीचं बंदच. जाळीआडून काकांनी माझा ठसा मागितला.

हा ठसा बोटाचा नसतो. आमच्यात प्रत्येकाची एक डिजिटल सही असते आणि त्या सहीचा चाळीस अक्षरांचा ठसा असतो. दोन माणसं समोरासमोर भेटली की एकाने तो मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने आपल्याकडच्या कागदावर ताडून बघायचा, शिवाय सरकारी ओळखपत्र बघायचं. मग ओळख पक्की. मी मोबाइल काढून वाचायला लागलो तर काका म्हणाले, "मोबाइलवरून नको. मोबाइल तुमचाच कशावरून?"

मी जिन्यात उभा. तेवढ्यात काकू आल्या, त्यांनी जाळीचं दार उघडलं आणि म्हणाल्या, "आत या, चहा निवतोय."

*

माझं ऑफिस घोडबंदर रोडला. तिथे एकदा वरून मेल आला की सुरक्षेच्या कारणास्तव यापुढे ऑफिसात ओपन सोर्स, म्हणजे उघड्या कोडचं, सॉफ्टवेअर वापरायला बंदी. कुणीही लिहिलेलं असतं, भरवसा काय, वगैरे.

मी साहेबांकडे गेलो आणि विचारलं, बंदी कुठपर्यंत आहे? ते म्हणाले, पूर्ण. मी विचारलं, तुमच्या खिशातल्या मोबाइललाही? तोही आतून लिनक्सच आहे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं गिळलं. बंदीचा तो मेल ज्या सर्व्हरवरून निघालेला, तो गेली सात वर्षं लिनक्सवरच चालतोय. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी तो बंद केला असता, आणि सुरू करायला मलाच बोलावलं असतं.

*

आमच्यातली वैशाली गायकवाड कल्याणची. पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. मध्यंतरी एका जुन्या, घरोघरी असलेल्या सिस्टिमचे अपडेट बंद झाले आणि चांगले चालणारे लॅपटॉप लोक भंगारात द्यायला निघाले. वैशालीने तिच्या घराजवळच्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये शिबिर लावलं. लॅपटॉप आणा, आम्ही लिनक्स घालून देतो, फुकट.

फुकट हा शब्द घालून तिने चूक केली. पहिले आले ते एक निवृत्त हेडमास्तर. लॅपटॉप छातीशी धरून बसले आणि विचारलं, यात तुमचा फायदा काय? वैशालीने शांतपणे समजावलं की सर, यात लपवालपवी नाही, सगळा कोड उघडा आहे, कुणीही वाचू शकतं.

"तुम्ही वाचलाय?"

"सगळा नाही, सर."

"मग कुणी वाचलाय?"

"कुणीतरी वाचला असणारच ना."

हेडमास्तर उठले. "गृहपाठ तपासून घेतला का असं विचारलं की माझी मुलंसुद्धा हेच सांगायची," म्हणाले आणि लॅपटॉप घेऊन चालते झाले. वैशालीने तो किस्सा सांगितला तेव्हा आम्ही हसलो. काका हसले नाहीत. ते म्हणाले, त्या माणसाला आपल्यात घ्या.

*

चौथा निलेश म्हात्रे. इथलाच, आगरी. सीसीटीव्ही बसवायचा धंदा, त्यामुळे माणसांवर संशय घेणं हे त्याचं पोट आहे.

वैशालीने एक छोटा बोर्ड बनवला, विजेचा वापर मोजणारा. आतला प्रोसेसर खुल्या डिझाइनचा, बोर्डाचे सगळे नकाशे तिने इंटरनेटवर टाकलेले, कुणीही बनवावा. बोर्ड बाहेरच्या कारखान्यातून तयार होऊन आला आणि ती थेट काकांकडे घेऊन आली. डायनिंग टेबलवर ठेवला. निलेशने मोबाइलचा कॅमेरा मोठा करून एकेक भाग नकाशाशी ताडायला घेतला आणि अर्ध्या तासाने एकदम थांबला.

"मॅडम, यो काळा ठिपका नकाशात नाय."

खरंच नव्हता. दोन भागांच्या मध्ये, एकदम बारीक, काळा. वैशालीचा चेहरा उतरला. कारखान्यात कुणी गुपचूप एखादी चिप चिकटवली तर? अशा गोष्टी आम्ही वाचलेल्या. निलेशने बोर्डाला वीज द्यायला मनाई केली. काकांनी माझा मोबाइल बंद करायला लावला. मी कारखान्याला खरमरीत मेल लिहायला घेतला.

काकू पोह्यांच्या बश्या उचलायला आल्या, चष्मा नाकावर सरकवून त्यांनी एकदाच बघितलं. "मोहरी आहे ती," म्हणाल्या आणि नखाने उडवली.

*

काकूंची नजर तशीच. ठाण्याच्या एका छापखान्यात त्यांनी तीस वर्षं प्रुफं वाचली. त्या लोकांची वाचायची एक पद्धत असते. एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, त्यातला स्वल्पविराम, कंस, अवतरणचिन्ह, सगळं तोंडाने बोलायचं, आणि दुसऱ्याने ताडायचं.

ही पद्धत काकांच्या कामी आली, कारण काकांचे डोळे जायला लागले. एक जवळजवळ गेलेला. दुसऱ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, राहिली तर थोडी नजर राहील.

आणि काकांकडे एक प्रोग्राम आहे. अठरा वर्षं ते एकटे तो सांभाळतात. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायली आज उघडल्या की नुसता कचरा दिसतो. काकांचा प्रोग्राम त्याचं आजच्या युनिकोडमध्ये सरळ मराठी करून देतो. वाचनालयं वापरतात, वकील वापरतात, वैशालीच्या विहाराने आपल्या मासिकाचे सगळे जुने अंक त्यानेच वाचवले. फुकट आणि उघडा. त्यात बदल करायची किल्ली मात्र एकट्या काकांकडे.

मग रोज सकाळी काकू कोड वाचायच्या आणि काका डोळे मिटून ऐकायचे. "इफ, कंस सुरू, एक्स, दोनदा बरोबर, शून्य, कंस पूर्ण." लोकांनी पाठवलेल्या दुरुस्त्या, म्हणजे पॅच, त्याही तशाच. साधा पॅच एकदा. संशयाचा पॅच दोनदा. हे व्हायचं सकाळीच, कारण दुपारी दोन ते चार काका झोपतात आणि तेव्हा त्या घरी कुणी फोनसुद्धा करायचा नाही, अशी काकूंची सक्त ताकीद आहे.

एकदा मी लवकर पोचलेलो. वाचता वाचता काकू थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, हे इथे चुकतंय असं नाही वाटत?" काका डोळे न उघडता म्हणाले, "तू फक्त वाच. बरोबर-चूक मी बघतो." काकूंनी पुढची ओळ वाचली. मला ते बरं वाटलं नाही, पण त्यांच्या घरात मी काय बोलणार?

*

आता सावंतचं सांगतो.

दोन-तीन वर्षांपूर्वी जगभर एक प्रकरण गाजलेलं. एक छोटासा प्रोग्राम, सगळीकडे वापरलेला, सांभाळणारा एकटा आणि दमलेला. त्याच्या मदतीला इंटरनेटवरून एक सभ्य माणूस आला. दोन वर्षं न कुरकुरता काम केलं, विश्वास कमावला, किल्ली मिळवली आणि आत चोरदरवाजा बसवला. सापडला तो निव्वळ नशिबाने, कारण कुणा इंजिनिअरला आपलं मशीन अर्धा सेकंद हळू वाटलं. तो माणूस कोण होता, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. काका त्या बातमीनंतर आठवडाभर नीट जेवले नव्हते.

आणि बरोबर काकांचे डोळे जायला लागल्यावर एस. सावंत नावाने पॅच यायला लागले. स्वच्छ, नेमके. बरोबर इंग्रजीत दोन ओळींचं पत्र. आभार मानले तर उत्तर नाही. पॅच नाकारला तर राग नाही.

"इतका सभ्य माणूस इंटरनेटवर असतोच कसा?" काका म्हणाले.

सावंतचे पॅच ते कायम दोनदा वाचून घ्यायला लागले. पुढे पुढे तीनदा. संशय म्हणून, असं म्हणायचे. पण ऐकताना मांडीवर बोटाने ठेका धरायचे, तो संशयाचा नव्हता.

*

निलेशने तपास हातात घेतला. सगळ्या पॅचच्या वेळा त्याने काढल्या. प्रत्येक पॅच आपल्याकडच्या दुपारी दोन ते चारच्या मध्ये आलेला. रविवारी एकही नाही.

"दोन ते चार. म्हंजे तवा त्याची सकाळ असल नायतर रात्र," निलेश म्हणाला. "कंचा देश यो?"

आम्ही भिंतीवर जगाचा नकाशा लावला. त्या वेळेला कुठे ऑफिस उघडतं, कुठे सुटतं, कुठे रविवारी सुट्टी असते. तीन खंड बाद केले. मी तर एका देशावर येऊन ठेपलेलो, नाव सांगत नाही, आता लाज वाटते. काकू नकाशासमोर उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी विचारलं, आपला देश बघितलात का? निलेशने त्यांना समजावलं की काकू, आपल्याकडे त्या टायमाला लोक कामावर असतात.

*

वैशालीला वेगळाच संशय. हल्ली लोक एआयकडून पॅच लिहून घेतात आणि ठोकून देतात. काकांच्या मेलमध्ये असले ढिगाने येतात, दिसायला सुंदर, आत काही नाही. सावंत माणूसच नसेल तर?

तिने सापळा लावला. ती म्हणाली, एआयला चूक काढून दाखवा, लगेच माफी मागतं, चूक नसली तरी. मग तिने सावंतला मेल केला की तुमच्या पॅचमधली बारावी ओळ चुकीची आहे. ओळ अगदी बरोबर होती. लांबलचक माफीनामा येणार, अशी आमची खात्री.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला उत्तर आलं. इंग्रजीत दोनच वाक्यं. नाही. पुन्हा वाचा.

काकांनी ते काकूंकडून वाचून घेतलं आणि पहिल्यांदाच खूश झाले. "हा माणूस आहे," ते म्हणाले. "आणि मराठी आहे."

*

मराठी ठरल्यावर निलेशला हुरूप आला. त्याने टिटवाळ्याच्या एका नव्या कॉम्प्लेक्समधला एस. सावंत शोधून काढला, सॉफ्टवेअरवाला, घरून काम करणारा. सीसीटीव्हीचं कोटेशन द्यायला आलो म्हणून हा त्याच्या दारात गेला आणि बोलता बोलता विचारलं, दुपारी दोन ते चार तुम्ही काय करता?

त्या सावंतने निलेशचा फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, हा इसम दुपारी कोण घरी असतं याची चौकशी करतोय, सावध राहा. फोटो फिरत फिरत संध्याकाळी निलेशच्या सासऱ्यांच्या मोबाइलवर पोचला!

एक मात्र झालं. महिन्याभरात त्याच कॉम्प्लेक्सने निलेशलाच फोन करून सोळा कॅमेरे बसवून घेतले.

*

मग निलेशने काकांनाच विचारलं, तुमच्या ओळखीत, नात्यात कुणी सावंत?

काका म्हणाले, "माझी सासुरवाडीच सावंतांची. हिचे तिन्ही भाऊ मी तपासले. एकालाही कॉम्प्युटर चालू करता येत नाही."

"माझ्या भावांना खरंच येत नाही," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

तेवढ्यावर तो धागा आम्ही सोडला.

*

ऑपरेशन जवळ आलं. पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी काकांना ॲडमिट व्हायचं होतं. किल्ली कुणाकडे द्यायची? वैशालीला कॉलेज आणि बोर्ड. मला आणि निलेशला तो प्रोग्राम पेलणारा नाही, हे आम्हालाही माहीत होतं. पेलणारा एकच होता आणि त्याचा चेहरा कुणी बघितला नव्हता. चुकीच्या हातात किल्ली गेली तर शेकडो वाचनालयांच्या मशीनमध्ये चोरदरवाजा. कुणालाच दिली नाही तर अठरा वर्षांचं काम वर्षभरात कुजणार. काका त्या दिवसांत पोहे तसेच टाकायचे. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

तोडगा काकूंनी काढला. "समोर बोलवा," त्या म्हणाल्या. "ओळखपत्र बघा, ठसा वाचून घ्या. या मिलिंदला जिन्यात उभं केलंत, मग त्याला का सोडायचं? खरा असेल तर येईल."

काकांनी मेल सांगितला, काकूंनी तो टाइप केला. रविवारी सकाळी दहा, पत्ता अमुक, मूळ ओळखपत्र आणावे. सोमवारी दुपारी उत्तर आलं. येतो म्हणून.

रविवारी आम्ही नऊलाच हजर. निलेशने आदल्या दिवशी जिन्याकडे तोंड करून कॅमेरा लावलेला, त्याचं चित्र मोबाइलवर दिसत होतं. टेबलाला पाचवी खुर्ची आणून ठेवली. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला. सावंतच्या पॅचवरच्या सहीचा ठसा छापलेला कागद त्यांच्या हातात होता.

दहा वाजले. जिन्यात कुणी नाही. दहा वाजून पाच मिनिटांनी वरच्या मजल्यावरच्या बाई पिशवी घेऊन खाली उतरल्या. सव्वादहा झाले.

"आला नाय," निलेश म्हणाला. "मी बोल्लेलो."

काकांनी कागदाची नीट घडी घातली. तो माणूस खरा निघावा असं त्यांना किती वाटत होतं, ते मला तेव्हा कळलं.

काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या. टेबलावर ठेवला. आणि परत आत न जाता त्यांनी पाचवी खुर्ची ओढली आणि तीवर बसल्या. चष्मा लावला. पदराला हात पुसून आधार कार्ड टेबलावर ठेवलं.

"घ्या," काकू म्हणाल्या. "तपासा."

वैशालीने तोंडावर हात ठेवला. निलेश अजून मोबाइलमध्ये जिना बघत होता.

काकांनी कार्ड उचललं. भिंग लावून, बऱ्या डोळ्याजवळ नेऊन, वरपासून खालपर्यंत बघितलं. खूप वेळ लागला.

"यावर परब आहे," काका म्हणाले. "पॅचवर सावंत आहे. नाव जुळत नाही."

काकू उठल्या, आत गेल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीतून शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आल्या. काकांनी त्यावरच्या नावाखालून बोट फिरवलं. मग मान हलवली.

"ठीक. आता ठसा."

त्यांनी घडी उलगडून ताडायचा कागद सवयीने काकूंच्याच पुढे धरला. मग लक्षात आलं तसा मागे घेतला. "नाही. ताडणारा वेगळा हवा. मिलिंद, तू बघ."

मी कागद घेतला. काकूंनी पर्समधून आपली चिठ्ठी काढली आणि वाचायला लागल्या, छापखान्यात वाचतात तसं, एकाच पट्टीत, चार अक्षरं झाली की जरासं थांबून. काकांनी डोळे मिटले. मी बोट ठेवून ताडत गेलो. चाळीसच्या चाळीस जुळली.

"जुळलं?" काकांनी विचारलं.

"जुळलं, काका."

काकांनी डोळे उघडले नाहीत. मांडीवर त्यांचं बोट हलत होतं. चहावर साय धरलेली.

"पुन्हा एकदा वाच," ते म्हणाले.

काकूंनी चष्मा काढून ठेवला, चिठ्ठी मिटून पर्समध्ये टाकली आणि पहिल्या अक्षरापासून पुन्हा सुरुवात केली.